दोन दात आणि चाळीस दिवस

आमच्याच भागातल्या चौघांनी मिळून आल्बम करायचा, जॅझ, सोल आणि हिप-हॉप एकत्र, ही अवदसा मलाच आठवली. विरारची एक नर्स ड्यूटी संपवून रॅप करते. चर्चच्या कॉयरमधल्या एक बाई गातात, आणि त्यांच्या आवाजाला नावं ठेवायची कुणाची टाप नाही. मी नायगावच्या फ्लॅटमध्ये कीबोर्ड बडवते आणि सगळ्यांच्या तारखा जुळवते, म्हणजे हमाली माझी. जॅझ होता तो सगळे ज्यांना काका म्हणतात, त्यांच्या ट्रम्पेटमध्ये. काका आयुष्यभर लग्नाच्या बॅण्डमध्ये वाजवत आलेत, आणि जॅझ म्हटलं की विचारतात, "ते कसलं?"

सात गाणी झाली. आठव्यात काकांचा एकट्याचा तुकडा तेवढा राहिला होता. स्टुडिओची तारीख घेताना मी माझी रजा पाहिली, नर्सबाईची ड्यूटी पाहिली. पाहिला नाही तो ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास.

"पोरी, राखेचा बुधवार झाला, उपास लागला," काका फोनवर म्हणाले. "आता ईस्टरपर्यंत वाजा नाय."

"अहो काका, हे लग्न थोडंच आहे?"

"वाजा तो वाजा."

एरवी मी थांबले असते हो! पण काकांचे वरचे पुढचे दोन दात हलत होते. ट्रम्पेटचा सगळा दाब तिथेच येतो. दात काढावेच लागणार, आणि काढले की तो सूर पुन्हा निघणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. काकांनीच मला हे चहात पाव बुडवता बुडवता सांगितलं होतं, कुणा शेजाऱ्याचे दात असल्यासारखं.

मी तडक फादरांकडे गेले. ते हसले, म्हणाले, रेकॉर्डिंगला काय हरकत आहे, खुशाल करा. मी जग जिंकल्यासारखी काकांच्या दारात.

"फादर नवीन हायेत," काका म्हणाले. "माझा बाप उपासात कधी वाजवीत नव्हता."

झालं! चाळीस दिवस मी दात-ओठ खात बसले. तिकडे हिरडी सुजली. डॉक्टरांनी ईस्टरनंतरचा मंगळवार दिला, त्यापुढे एक दिवसही नाही. ईस्टरचा रविवार सणाचा, म्हणजे हाती उरला सोमवार. सोमवारी सकाळी फोन केला तर काका कुठे? लग्नाला! उपासात लग्नं होत नाहीत, म्हणून ईस्टर उलटला की सगळे एकदम बोहल्यावर, आणि काकांनी शब्द दिलेला.

"काका, उद्या दात जाणार तुमचे! आमच्या गाण्याचं काय?"

"ओरडू नको. इथंच ये. घरापासून वळणापर्यंत लग्नाचं वाजवतो, वळणापासून चर्चपर्यंत तुमचं."

आणि तसंच केलं त्या माणसाने. नर्सबाई माइक धरून बॅण्डच्या पुढे उलट्या चालत होत्या, मी रेकॉर्डिंगचं मशीन छातीशी धरून घामाघूम. मध्येच रिक्षाचा हॉर्न, मध्येच कुणी बाई ओरडली, "नवऱ्याची आय खय गेली?" मला रडू यायचं बाकी होतं. पण काका वाजवत होते ते ऐकून वऱ्हाडातली माणसं चालायची थांबली. मीही थांबले, आणि सात आठवड्यांत पहिल्यांदाच माझं डोकं शांत झालं. हॉर्नसकट तसंच ठेवलं ते आम्ही आल्बममध्ये.

आल्बम तयार झाल्यावर मी काकांना ऐकवायला त्यांच्या ओटीवर गेले. दात गेले होते, दुसरे अजून बसवायचे होते. तोंडाशी रुमाल धरून ते ऐकत राहिले. आपला तुकडा आला तसा रुमाल खाली ठेवला. बोटं मांडीवर हलायला लागली, ओठ आवळले गेले. मग त्यांनी मान हलवली.

"इथं सूर पडला माझा. बरोबर नाय झाला," ते म्हणाले. "उद्या परत घेऊ."

मी मशीन बंद केलं. "घेऊ काका," म्हटलं.