नंबरावरचं कुंकू

सोलापुरात त्या काळी फटफट्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या, आणि त्यांत सर्वांत मोठा आवाज माझ्या फटफटीचा होता. तेलावर चालणारी इंजिनं बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की माढ्याकडून नाहीतर बार्शीकडून निरोप यायचा, आणि मी बैलगाडीतून तिथे पोचेपर्यंत ऊस वाळून जायचा. म्हणून विलायतेला परत निघालेल्या एका गिरणीवाल्या साहेबाची फटफटी मी विकत घेतली. तिला शेजारी साइडकार होती, तिच्यात मी हत्यारं ठेवत असे. गल्लीतले लोक त्या साइडकारला पाळणा म्हणत. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे पाळण्यावरून जे बोलायचं ते सगळे बोलून घेत.

फटफटी घेतली आणि पोलिसांशी ओळख वाढली. सात रस्त्यावरचा शिपाई टांगे, बैलगाड्या, गाढवं सगळ्यांना जाऊ देई आणि मला हात करी. एकाने भर दुपारी दिवा लावून दाखवायला सांगितला. कार्बाइडमध्ये पाणी घालून तो पेटवण्यात माझी तिथे चांगली करमणूक झाली, म्हणजे जमलेल्या लोकांची झाली. दुसऱ्याला फक्त भोंगा वाजवून बघायचा होता. माढ्याला तर एका जमादाराने लांबून आवाज ऐकून कलेक्टरच येतोय असं समजून कडक सलाम ठोकला, आणि मी जवळ आल्यावर धोतर आणि काळी टोपी बघून मला थांबवलं. फुकट गेलेल्या सलामाचा राग त्याने अर्धा तास काढला. मी मुळात तापट. पण पोलिसापुढे तापून काही मिळत नाही हे मी या फटफटीवरच शिकलो.

एकदा मात्र बार्शी नाक्यावर जे थांबावं लागलं, ते वेगळं होतं. त्या वेळी साइडकारमध्ये हत्यारं नव्हती, माझी आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत तिचा नवरा प्लेगात गेला. तेव्हा ती परकर नेसायच्या वयाची होती. वडील कचेरीत कारकून, स्वभावाने अगदी गरीब, पण तिचे केस काढू द्यायचे नाहीत एवढ्या एका गोष्टीवर ते अडून बसले. त्यापायी आमच्याकडे कित्येक दिवस कुणी पानावर बसायला आलं नाही. आत्या आमच्याच घरी राहिली. माझी आई गेल्यावर स्वयंपाकघर तिच्याकडे आलं. माझ्या शाळेच्या पुस्तकांवर ती शिकली आणि माझ्यापेक्षा चांगली शिकली. फायनल पास झाली, पुण्याला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंगही करून आली. पण नोकरी मिळेना. विधवा बाई, शिवाय केस राखलेली, म्हणून सोलापुरातल्या दोन शाळांनी तिला गोड बोलून परत पाठवलं होतं.

त्या वर्षी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मुलीच्या मामांनी वडिलांना आडून विचारलं, "ताई कायम इथेच असतात का?" वडिलांनी पानाचा डबा पुढे केला. आत्या आतून ऐकत होती. मी तिला म्हणालो, ते लोक गेले उडत. ती म्हणाली, "ते उडत जातील, पण पुढचेही हेच विचारतील." त्याच आठवड्यात बार्शीच्या एका मुलींच्या शाळेचं पत्र आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या आत, कमिटीपुढे येऊन एक पाठ घेऊन दाखवावा. फळा एकच आहे, तरी येताना पाटी आणावी. ही नोकरी हुकली तर दुसरी कुठली दिसत नव्हती. आमच्या घरात नवी सून आल्यावर आपण चुलीमागे कुठल्या कोपऱ्यात बसायचं, एवढाच प्रश्न मग तिच्यापुढे उरला असता.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होई, आणि माझं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे फटफटी. पूजेचं कुंकू लावायला दरवर्षी शेजारची एक सवाष्ण येई, कारण घरात सवाष्ण नव्हती. त्या वर्षी ती माहेरी गेली होती. वडील कचेरीला निघाले होते. दारातून ते आत्याला म्हणाले, "तूच लाव गं. यंत्राला काय कळतंय." एवढं बोलून, छत्री घेऊन ते गेले. बोलून गेले ते किती मोठं होतं, हे त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही.

आत्या बराच वेळ नुसती उभी होती. मग तिने कुंकू तेलात कालवलं, टिकावं म्हणून. फटफटीचं कपाळ कुठलं ते तिचं तिने ठरवलं. पुढच्या मडगार्डवरची नंबरप्लेट. मला वाटलं बोटभर लावेल. पण ती थांबेचना. आधी स्वस्तिक काढलं, मग त्याचे कोपरे भरले, मग बाजूने हळद, पुन्हा कुंकू. मागच्या नंबरप्लेटलाही तेवढंच. वर झेंडूची माळ. मी हसलो, म्हणालो, "आत्या, गाडी नवरी दिसतेय." ती हसली नाही. हात धुवायलाही ती लगेच गेली नाही.

पूजेचं कुंकू आमच्याकडे पुसत नसत. वाऱ्या-धुळीने आपोआप उडेल तेव्हा उडेल. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला पाळण्यात बसवून मी निघालो तेव्हा नंबर झाकलाय हे माझ्या मनातही आलं नाही. रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडीला उतरून छोटी गाडी धरायची, त्यात दुपार टळली असती. आत्या मांडीवर पाटी धरून बसली होती. ती पहिल्यांदाच फटफटीत बसत होती, आणि घाबरली असेल तर तसं तिने दाखवलं नाही.

नाक्यावर शिपायाने हात केला. निळ्या ड्रेसातला, चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. त्याने फटफटीभोवती एक चक्कर मारली.

"नंबर कुटाय?"

"समोर आहे की."

"समूर कुंकू हाय. नंबर कुटाय?"

मी खाली वाकून बघितलं आणि मलाच हसू फुटू लागलं. पण तो हसत नव्हता. त्या दिवसांत कुणीतरी पहाटे फटफटीवरून येऊन सरकारविरुद्धची पत्रकं टाकून जात असे. "बिननंबरी फटफटी दिसली की धरायची आन चौकीत लावायची, असा हुकूम हाय," तो म्हणाला. "फौजदारसायेब दुपारी येत्यात. तवर थांबा."

दुपारी फौजदार येणार, मग चौकशी, मग सुटका. म्हणजे बार्शीची कमिटी तोपर्यंत जेवून झोपलेली. मी सीटखालून तेलकट फडकं काढलं.

"पुसतो, हवालदार. नंबर दिसला म्हणजे झालं ना?" शिपायाला हवालदार म्हटलं की निम्मं काम होतं.

"पुसा आन जावा. माजं काय न्हाय."

"थांब," आत्या म्हणाली.

ती पाळण्यातून उतरली आणि माझ्या आणि फटफटीच्या मधे येऊन उभी राहिली. "ते पुसायचं नाही."

"आत्या, शाळा जाईल."

"जाईल ते मला कळतंय." तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ते मी लावलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला लाव म्हणालं. एकदा पुसलेलं पाहिलंय मी. पुन्हा माझ्यासमोर नको."

मला तिचा राग आला. खरंच आला. ज्या नोकरीसाठी तिने एवढं केलं ती एका लोखंडी पत्र्यावरच्या कुंकवापायी घालवायला निघाली होती. मी फडकं हातात धरून तसाच उभा राहिलो. पण पुढे पाऊल टाकवेना.

शिपायाने आधी आत्याच्या कपाळाकडे पाहिलं, मग नंबरप्लेटकडे, मग रस्त्याकडे. थोड्या वेळाने तो मला हळू म्हणाला, "आमच्यात पाट लावत्यात, सायेब. आमी सांगोल्याकडली मेंढरं राकणारी मान्सं. बाईचा नवरा मेला तर दुसरा बघत्यात."

आत्याने ते ऐकलं. "तुमच्यात शहाणी माणसं आहेत," ती म्हणाली.

"शाणी कसली. घरात कामाला बाई पायजे असती की." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "ह्ये बघा, तुमी पुसू नका. मी तर न्हाईच पुसणार, मला बी लेकी हायत. पन नंबर दिसाया पायजे. त्यात माजं चालत न्हाय."

आत्याने पाळण्यातून पाटी काढली. मला नंबर विचारला. खडूने पाटीभर मोठ्ठे आकडे काढले, चौकटीच्या भोकातून सुतळी ओवली आणि पाटी हँडलला बांधली. शिपाई लांब जाऊन मान वाकडी करून बघून आला.

"दिसतोय," तो म्हणाला.

"आणि मागचा?" मी विचारलं. गप्प बसायला हवं होतं.

"मागनं आमी बघतच न्हाय. पळून गेल्यावर काय बघायचं?"

वाटेत प्रत्येक खड्ड्याला पाटी टाण टाण वाजत होती. मी जमेल तेवढी फटफटी पळवली. आत्या सारखी वाकून आकडे बघत होती, उडाले असते तर पुढच्या गावात पुन्हा थांबावं लागलं असतं. बार्शीला पोचलो तेव्हा कमिटीतले दोघे उठायच्या बेतात होते. आत्याने पाटी सोडली, तोंडावरची धूळ पुसली आणि तशीच आत गेली. मी बाहेर बसलो. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. कमिटीतल्या एका आडत्याने हसून विचारलं की पाटीवर हे काय आणलंत. तिने सांगितलं, आमच्या फटफटीचा नंबर. मग मुलींकडून तो वाचून घेतला, आकड्यांची बेरीज करून घेतली, उलटा लिहून घेतला. तोच तिचा पाठ. संपल्यावर तिने पाटी पदराने स्वच्छ पुसली. नोकरी तिला तिथल्या तिथे दिली, वर्गाजवळची एक खोलीही दिली. परतताना पाटीवर पुन्हा नंबर लिहिला, आणि चार दिवसांनी आत्या तीच पाटी घेऊन रेल्वेने तिथे राहायला गेली.

कुंकू दिवाळीच्या सुमाराला आपोआप उडालं. तोवर मी फटफटी अंगणातच उन्हावाऱ्यात उभी ठेवली, रस्त्यावर काढली नाही. धंद्याचं नुकसान झालं, बैलगाडीतून हाडं खिळखिळी झाली, पण फडकं काही हातात घेतलं नाही.

त्यानंतर नाक्यावरचा तो शिपाई मला दर खेपेला थांबवू लागला. नंबर बघण्याचं निमित्त करी, आणि विचारी, "आत्याबाई बऱ्या हायत न्हवं?" मी सांगे, बऱ्या आहेत. मग तो हात हलवून सोडे. माझं लग्न झालं, आत्या दिवाळीला चार दिवस पाहुणी म्हणून येऊ लागली. जेवताना तिला पहिला पाट मिळे. हे बदललं ते त्या नोकरीने.

अशी दोन-तीन वर्षं गेल्यावर उन्हाळ्यात एक दिवस बार्शीला निघालो असता त्याने थांबवलं. त्याच्या शेजारी पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी गाठोडं घेऊन उभी होती.

"आज नंबर नाही बघायचा?" मी विचारलं.

"न्हाय. ही माजी लेक. औंदा हिचा नवरा गेला. पाट लावतो म्हणलं तर न्हाय म्हणती. त्या पाटीवाल्या बाईकडं जायाचं म्हणती." तो खजील झाल्यासारखा हसला. "ती गोष्ट मीच घरी शंभरदा सांगितली. आता कुनाला बोल लावू? तुमी तिकडंच चाललाय, तर न्या. बाई न्हाय म्हणल्या तर माघारी आना."

मी तिला पाळण्यात बसवलं. सारा रस्ता तिने गाठोडं दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.

आत्या खोलीच्या दारातच होती. मी सगळं सांगेपर्यंत ती मुलीकडेच बघत होती. मुलीच्या कपाळावर कुंकू नव्हतं, पण दोन भुवयांच्या मधे हिरवं गोंदण होतं. आत्याने पुढे होऊन त्यावर बोट ठेवलं.

"हे कधी गोंदवलंस?"

"ल्हानपणी. आईनं."

"बरं केलं तुझ्या आईनं," आत्या म्हणाली. "हे कुणाला पुसता येत नाही."

मग तिने मुलीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि तिला आत जाऊन खुंटीवरची पाटी आणायला सांगितलं.