दाढी नको म्हणणारा एनॉक

एनॉक टॅरंट पडद्यावर त्रेपन्न वेळा मेला. गोळी लागून, तापाने, घोड्यावरून पडून, एकदा तर नुसता म्हातारपणाने. त्याचं नाव कुठल्या पाटीवर झळकलं नाही, पण चेहरा तुम्ही ओळखला असता. न्यायाधीश, बटलर, गावातला दारुडा, नायिकेचा बाप, असल्या कामांना हॉलिवूडमध्ये तेव्हा शंभर माणसं होती. त्या शंभरांत दाढी नको म्हणणारा हा एकटा.

मला राग यायचा तो त्याचाच. गॉवर स्ट्रीटवरच्या आमच्या छोट्या स्टुडिओत दाढ्या-मिशा मी करायचे. लोकर पिंजायची, एकेक बट गोंदाने चिकटवायची, मग तोच माणूस सोमवारी पाद्री आणि मंगळवारी दरोडेखोर. या लोकांचं पोटच त्यावर. आणि हा बाबा गुळगुळीत हनुवटी घेऊन हिंडायचा आणि हातातली कामं घालवायचा.

"अरे, दाढीने तुझं काय घोडं मारलंय?" मी एकदा विचारलंच.

"खाज सुटते, मिना."

"थापा मारू नकोस. गोणपाटाचा कोट घालून दिवसभर उन्हात बसतोस, तेव्हा नाही सुटत ती?"

तो हसला आणि टोपी उचलून चालता झाला.

दुसरी गंमत अशी, की मरायची कामं तो मागून घ्यायचा. आमचा दिग्दर्शक स्ट्राउड ओरडायचा, "म्हाताऱ्या, मेयरचं काम आहे, आठवडाभराचं!"

"मेयर मरतो का?"

"नाही."

"मग तो टपालवाला द्या. तो मरतो."

टपालवाल्याचं काम एका दिवसाचं! स्ट्राउड कपाळावर हात मारून घ्यायचा. आणि मरताना एनॉकचे ओठ हलत राहायचे, सावकाश, आवाज न काढता. मूकपटच ते, कोण काय बोलतंय याची कुणाला पर्वा? आमचा नायक नायिकेला मागणी घालताना जेवणाला काय आहे ते विचारायचा. पण तो निदान मोठ्याने विचारायचा. एनॉक काय पुटपुटतो यावर सगळ्या स्टुडिओत तर्क चालायचे. कुणी म्हणायचं प्रार्थना, कुणी म्हणायचं स्ट्राउडला शिव्या. मला तर ते कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

चोवीस साली जनरलचं काम निघालं. त्या हिवाळ्यात एनॉक अगदी रिकामा होता. स्ट्राउडने बजावलं, "दाढी नाही तर काम नाही." मुकाट्याने एनॉक माझ्या खुर्चीत येऊन बसला.

"लाव," तो म्हणाला. "फक्त ओठ मोकळे ठेव, मिना."

ठेवायला हवे होते. पण सहा वर्षांनी तो चेहरा माझ्या हाती लागला होता, मला कसला दम धरवतोय! मिशी अशी दाट खाली आणली, की खालचा ओठसुद्धा दिसेना. एनॉकने आरशात पाहिलं. तो काही बोलणार, तेवढ्यात स्ट्राउड आत आला, त्याने खूश होऊन टाळ्या वाजवल्या आणि एनॉकला ओढतच घेऊन गेला. जनरल तंबूत मेला. मरताना नुसती लोकर हलत होती.

दुपारी तो झाडाखाली सँडविच हातात धरून बसला होता. खात नव्हता.

"दाढी टोचत असेल तर सैल करून देते," मी म्हटलं.

तेव्हा त्याने सांगितलं. ओहायोत त्याची मुलगी होती, लिओरा. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि ऐकू येणं गेलं. शाळेत तिला ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवलं होतं. ती सात वर्षांची असताना हा नाटक कंपनीबरोबर पश्चिमेला निघून आला. बायकोने घटस्फोट घेतला. लिओराला लिहिलेली पत्रं न फोडता परत यायची.

"पण सिनेमाला जायला तिला कोण अडवणार?" तो म्हणाला. "आमच्यासारख्यांच्या तोंडाजवळ कॅमेरा येतो तो फक्त मरताना. तेवढ्यात मी तिच्याशी बोलून घेतो. माझ्या खोलीचा पत्ता सांगतो. ये म्हणतो."

"ती बघते कशावरून?"

"माहीत नाही."

"आणि आज काय म्हणालास?"

"आज पहिल्यांदा माफी मागितली. सहा वर्षं शब्द जुळवत होतो."

"पुढच्या वेळी पुन्हा माग," एवढंच मी म्हणाले.

त्यानंतर त्याच्या तोंडाला मी केसाचा स्पर्श होऊ दिला नाही. स्ट्राउडशी भांडले, एकदा तर गोंदाची बाटली मुद्दाम सांडली. एनॉक मरत राहिला, माफी मागत राहिला. कुणी आलं नाही. मग बोलपट आले. आता मरतानाही लिहून दिलेलंच बोलायचं. आमच्या शेवटच्या मूकपटात तो दीपगृहाचा रखवालदार होऊन मेला आणि नंतर घराच्या पायऱ्यांवर नुसता बसून राहू लागला.

पुढच्या वसंतात, एका सकाळी मी त्याच्याकडे सूप घेऊन गेले होते. फाटकापाशी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी उभी होती, हातात पुठ्ठ्याची बॅग. एनॉक उठला आणि तसाच उभा राहिला. तीच पुढे आली. तिचा आवाज सपाट होता, चढ-उतार नसलेला.

"पप्पा, जनरल झालात तेव्हा तोंड का झाकलंत?"

तो सिनेमा तिने तीनदा पाहिला होता. आधीचे सगळे पाहिले होते, पत्ता पाठ होता. तेरा वर्षांच्या त्या पोरीला वाटलं, पप्पा कंटाळले, आता आपल्याशी बोलायचं नाही म्हणून तोंड लपवलं. तिने त्याचे सिनेमे बघणंच सोडून दिलं. तो रखवालदाराचा सिनेमा तिच्या शाळेतल्या, तिच्यासारखेच ओठ वाचणाऱ्या मैत्रिणीने पाहिला आणि धावत येऊन सांगितलं, तुझे पप्पा मरताना तुझं नाव घेतात.

पाच वर्षं. मिशीच्या दोन बटांपायी.

एनॉकने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "दिग्दर्शकाचा हुकूम होता, बाळ."

तो माझ्यासाठी खोटं बोलत होता. मी सूप पायरीवर ठेवलं, तिच्यासमोर गेले, चेहरा उजेडात आणला.

"ओठ मोकळे ठेव म्हणून त्याने सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही. ती दाढी माझी."

तिने माझे ओठ वाचले. मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"छान केली होती," ती म्हणाली. "मला खरी वाटली."