दिव्याखालचं कुलूप

देवपुरात मी एका मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक आहे. आग विझवायचे सिलिंडर आणि संकटकाळी बाहेर पडायच्या दारावरचे दिवे तपासायला दर वर्षी एकच माणूस येतो. नाव मी कधी विचारलं नाही. तो प्रत्येक सिलिंडर काखेत घेऊन उलटा करतो, आतली पावडर घट्ट बसली नाही ना, हे कान लावून ऐकतो आणि जागेवर ठेवताना तान्ह्या पोरासारखं त्याला थोपटतो.

यंदा त्याने मेन स्विच पाडला. अंधारात मागच्या दारावरचा हिरवा दिवा लागला. दाराला कुलूप होतं.

"हाई कुलूप कसाले?"

"बिनबोलावलेले लोक मागून जेवायला घुसतात," मी म्हणालो.

तो दिव्याकडे बघत राहिला. "दिवा बराबर शे, भाऊ. लोके मरतीन ते उजेडमा मरतीन."

मी हसलो. तो हसला नाही. पुढचा सिलिंडर त्याने काखेत घेतला.

त्याला वाटलं असेल, या माणसाला कळत नाही. कळतं. माझ्या मुलीचं लग्न याच हॉलमध्ये झालं, त्या सकाळी ते कुलूप मी स्वतःच्या हाताने काढलं होतं. पाहुणे गेल्यावर पुन्हा लावलं.