एररकाका आणि शंभरावी हिट

एररकाकांना कोणी चांगली बातमी सांगितली, की ते लगेच अभिनंदन करत नसत. आधी डोळे बारीक करून विचारत, "हिट की एरर?" बढती मिळाली? हिट की एरर? घर स्वस्तात पडलं? हिट की एरर? म्हणजे स्वतःच्या बळावर मिळालं, की समोरच्याच्या हातून काहीतरी सांडलं म्हणून तुझ्या ओंजळीत पडलं? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा म्हातारा खडूस वाटे. मलाही वाटला होता. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण पगार वाढला की बायकोला सांगण्याआधी मी अजून स्वतःला तेच विचारतो. उत्तर बहुतेक वेळा एरर असंच येतं.

शब्द बेसबॉलचे. काका क्रॉयडनमधल्या एका लहानशा बेसबॉल क्लबचे स्कोअरर होते. फलंदाज आपल्या फटक्याच्या जोरावर पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर पोचला, तर ती हिट, त्याच्या नावावर जमा. पण समोरच्या खेळाडूनं हातातला सोपा चेंडू सोडला आणि म्हणून तो पोचला, तर ती सोडणाऱ्याची एरर. फलंदाज बेसवर उभा राहतो खरा, पण त्याच्या नावावर काही पडत नाही. दोन्हींतलं काय झालं, हे पंच सांगत नाही, स्कोअरर सांगतो. काका घडीच्या खुर्चीतून मोठ्यानं सांगत, आणि मैदानावरची भांडणं तिथं संपत. एकदा मी विचारलं होतं, "काका, तुमचं लग्न काय होतं?" ते म्हणाले, "फिल्डर्स चॉइस. काकीच्या वडिलांनी दुसऱ्या मुलाला आउट केलं, म्हणून मी बेसवर."

ते ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. तरुणपणी लंडनला गेले, एजवेअरला फार्मासिस्ट म्हणून दुकानात उभे राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. जीव क्रिकेटवर. पण तिथल्या क्लबांच्या मॅची शनिवारी, आणि शनिवार त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी प्रवास नाही, लिहिणं नाही, फोनही नाही. बेसबॉल मात्र रविवारी असे. "देवानं मला क्रिकेटमधून ट्रान्सफर दिली," असं ते म्हणत. एजवेअरहून क्रॉयडन म्हणजे लंडनचं एक टोक ते दुसरं टोक. आधी ट्यूब, मग ट्रेन, मग ट्राम. जवळपास क्लब नव्हता का, असं मी विचारलं तर म्हणाले, "होता ना. पण तिकडे स्कोअरर होता आधीच."

माझी त्यांची ओळख डब्यामुळे झाली. जळगावला शाळेत मी सॉफ्टबॉल खेळलो होतो, त्या भांडवलावर क्लबात शिरलो होतो. ऑफिसातले लोक मला सँडी म्हणत, क्लबातलेही म्हणू लागले. दुसऱ्याच रविवारी खुर्चीतून आवाज आला, "काय रे, संदीप ना तू? मग संदीपच सांग की त्यांना. जमेल त्यांना, जीभ असते गोऱ्यांना पण." आणि पुढे डबा आला. त्यात नारळाच्या वड्या होत्या. मराठी ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या वर्षांत मला फारसं काही होतच नसे. एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचं, भाड्याच्या खोलीत येऊन पास्ता उकडायचा, झोपायचं. वडी गोड होती, एवढं कळलं.

मी त्या देशात गुणांवर गेलो होतो. शिक्षणाचे इतके, वयाचे इतके, पगाराचे इतके. बेरीज जमली की आत. पुढे मुदत वाढवायची तर पुन्हा बेरीज. क्रॉयडनमध्येच व्हिसाचं मोठं ऑफिस होतं, त्याच्या पुढून माझी ट्राम जायची आणि मी मनातल्या मनात बेरीज करायचो. मला ती पद्धत आवडायची, हे मुद्दाम सांगतो. तिथं कोणी माझं तोंड पाहत नव्हतं, आडनाव विचारत नव्हतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. आकडा माणसाला आत घेतो. पण ओळखत नाही हं तो तुला."

क्लबहाउसात एक लाकडी ऑनर्स बोर्ड होता, सोनेरी अक्षरांचा. क्लबसाठी ज्याच्या शंभर हिट होतील त्याचं नाव त्यावर लागायचं, आपोआप. सभा नाही, मत नाही. रंगारी यायचा, नाव लिहून जायचा. काकांना हा नियम सलत असे. दर वर्षीच्या सभेत ते हात वर करत आणि म्हणत, "शंभर झाल्या की त्याच्यावर चर्चा करू या. चर्चेआधीच नाव कसलं लिहिता?" अध्यक्ष होता कीथ नावाचा गुलाबी गालांचा, भला इंग्रज माणूस. तो हसून विषय पुढे ढकलायचा, आणि काका हात खाली घेऊन चहा ओतायला उठत.

तिकडे अमेरिकेत हाच वाद मोठ्या प्रमाणावर चालला होता. त्यांच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये पाचशे होमरन किंवा तीन हजार हिट झाल्या की जागा पक्की, असं लोक धरून चालत. आणि आता औषधं घेऊन दंड फुगवणाऱ्यांचा बोभाटा झाला होता. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, रामोन व्हेनेझुएलाचा. बेसबॉलवर बोलताना तो उभाच राहायचा. पावसानं खेळ थांबला की त्याची आणि काकांची जुंपे. काका म्हणत, "मी आयुष्यभर गोळ्या विकल्या रे बाबा. गोळीनं ताप उतरतो, माणूस थोर होत नाही. आकडा दार वाजवेल, ठीक आहे. दार उघडायचं का, ते घरातल्यांनी बघायचं."

रामोनचं उत्तर मला आजही तोडीस तोड वाटतं. तो म्हणाला, "घरातले? घरातल्यांना राग असतो, लोभ असतो, आवडती मुलं असतात. मी बाहेरचा आहे. मला आकडाच बरा. शंभर म्हणजे शंभर, मग कीथला मी आवडो न आवडो." मी रामोनच्या बाजूनं मान हलवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही दोघं पोरं आतापासून भांडण टाळायला बघता. भांडण झाल्याशिवाय घरचे होता येत नाही." मला ते म्हातारपणचं काहीतरी वाटलं.

मग नियम बदलले. नव्या बेरजेत पगाराला जास्त वजन आलं आणि माझे गुण कमी पडले. मुदत वाढणार नाही, असं कळवणारं पाकीट आलं तेव्हा मी ते वाचलं, टेबलावर ठेवलं आणि कुकर लावला. वाईट वाटायला हवं, हे कळत होतं. वाटत काहीच नव्हतं. एकच गोष्ट मनात रुतून बसली. माझ्या हिट शंभरच्या जवळ आल्या होत्या. जाण्याआधी त्या बोर्डावर नाव लागावं. या देशात मी इतकी वर्षं होतो, याची कुठंतरी खूण राहावी. याहून जास्त मला काही नको होतं, आणि हे मला फार हवं होतं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मार की मग. चेंडू कोणाच्या बापाचा नाही."

हंगामाचा शेवटचा रविवार आला तेव्हा माझ्या नव्याण्णव झाल्या होत्या. विमानाचं तिकीट झालं होतं. कीथनं केक आणून ठेवला होता, रंगाऱ्याला निरोपही धाडला होता. माझी शेवटची पाळी आली. मी चेंडू जमिनीलगत मारला. तो शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या खेळाडूकडे गेला, त्याच्या हातमोज्यात शिरला आणि बाहेर पडला. मी जिवाच्या आकांतानं धावलो आणि बेसवर पोचलो. आमच्या बाकावर एकच आरडाओरडा झाला. कीथ टोपी हवेत फेकून नाचायला लागला. रामोन मैदानात धावत आला. आणि खुर्चीतून काकांचा आवाज आला, सपाट, रोजच्यासारखा, "ई-सिक्स." सहाव्या जागेवरच्या खेळाडूची एरर.

कीथ काकांकडे गेला. हळू आवाजात काहीतरी बोलला, माझ्याकडे बोट दाखवून. प्रतिस्पर्धी संघाचा कप्तानही गेला. तो म्हणाला, आमची काही हरकत नाही, द्या त्याला हिट. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं. "चेंडू त्याच्या हातात होता," एवढंच म्हणाले. पुढचा खेळाडू आउट झाला आणि हंगाम संपला. केक कापला, पण त्यावरचं शंभर कोणी खाल्लं नाही.

ट्रामच्या थांब्यापर्यंत काका माझ्याबरोबर आले. "रागावलास?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. राग यायला आत काहीतरी हलावं लागतं. त्यांनी ना माफी मागितली, ना बेसबॉल समजावून सांगितला. ट्राम दिसली तेव्हा म्हणाले, "मंगळवारी निघतोस ना? सोमवारी घरी ये. मलिदा करतोय."

मलिदा त्यांच्याकडे नवसाला, प्रवासाला, शुभकार्याला करतात. ताटात गोड पोहे, वर खोबरं, सुका मेवा, भोवती फळं. काकी गेल्यावर ते सगळं स्वतः करत. डोक्यावर टोपी घालून त्यांनी एलियाहू पैगंबराची प्रार्थना हिब्रूत म्हटली आणि लगेच मराठीत म्हणाले, "घे, पोटभर खा. विमानात काय देतात, माहितीये मला." मी खाल्लं. ते माझ्याकडे बघत बसले होते. मी नमस्काराला वाकलो तर त्यांनी खांदे धरून उभं केलं आणि नुसतेच धरून ठेवले. दुसऱ्या दिवशी विमान उडालं तेव्हा खिडकीतून खाली काय दिसलं, ते मला आठवत नाही.

पुण्यात नोकरी लगेच मिळाली. आई माझ्याकडे राहायला आली. लोक विचारत, परत का आलास, तर मी सांगायचो, गुण कमी पडले. ते हसायचे. मीही हसायचो. असे काही महिने गेले. मग एका संध्याकाळी फोन वाजला. काका होते. हवापाणी न विचारता म्हणाले, "काल सभा झाली. मी ठराव मांडला, तुझं नाव बोर्डावर लावावं म्हणून. पडला ठराव. नाव लागणार नाही तुझं."

मी म्हटलं, "बरं."

"बरं काय? ऐक पुढे. रामोन विरुद्ध बोलला. म्हणाला, नव्याण्णव म्हणजे शंभर नव्हेत, संदीप माझा मित्र आहे, पण नाही. बोलता बोलता रडला येडा. मग कीथ उठला. म्हणाला, दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावर चुन्याच्या रेघा कोण मारायचं? आता मी मारतो, वाकड्या येतात. मग कोण तरी म्हणालं, त्याला धावता येत नव्हतं. त्यावर त्या बोलणाऱ्याचीच बायको त्याच्या अंगावर गेली. म्हणाली, तुझं बोट मोडलं तेव्हा हॉस्पिटलात दिवसभर कोण बसलं होतं? मोठा कल्ला झाला रे. चहा गार झाला सगळ्यांचा. कीथसमोर कुणी आवाज चढवलेला मी पहिल्यांदा पाहिला."

"आणि तुम्ही काय बोललात, काका?"

"मी? मी म्हटलं, ती एररच होती. उद्या परत विचारलंत तरी एररच सांगेन. पण हा माणूस बोर्डावर पाहिजे."

मी म्हटलं, "हिट दिली असतीत तर एवढं काहीच करावं लागलं नसतं."

"तेच तर," काका म्हणाले. "रंगारी आला असता, लिहून गेला असता. कुणी तुझ्याबद्दल तोंडसुद्धा उघडलं नसतं." मग त्यांना खोकला आला, आणि बोलणं अर्धवट ठेवूनच त्यांनी फोन बंद केला. त्यानंतर आम्ही पुन्हा बोललो नाही. पुढच्या हिवाळ्यात साउथहॅम्प्टनला, मुलीच्या घरी, ते गेले.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. आई भाकरी थापत होती. पाणी प्यायला म्हणून पेला उचलला आणि तो हातात तसाच राहिला. मी ओट्याला टेकून खाली बसलो आणि रडायला लागलो. व्हिसा नाकारला तेव्हा रडलो नव्हतो, विमानतळावर नव्हतो, कुठंच नव्हतो. आईचे हात पिठाचे. ती तशीच धावत आली, म्हणाली, "काय झालं रे? कोणी गेलं का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. तिला सांगायचं होतं, की तिकडे ते सगळे माझ्यावरून भांडले.