खेळाडूंचा डबा

पन्नासच्या दशकात बारामतीच्या पेठेत पेपरमिंटच्या गोळ्यांची लहान पाकिटं मिळायची. प्रत्येक पाकिटात जाड कागदाचं एक चित्र असायचं. कुणी बॅट उगारलेला, कुणी हॉकीची काठी धरून वाकलेला, कुणी लंगोट कसून उभा राहिलेला पैलवान. मागं इंग्रजीत त्याचं नाव आणि चार ओळी माहिती. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आमची आम्हीच नावं दिली होती: टोपीवाला, डावखुरा, मिशीवाला गोलकीपर.

आम्ही म्हणजे मी आणि माझा वर्गातला मित्र. आमचं घर गावाबाहेर, कालव्याकाठच्या मळ्यात. वडील वांगी, मेथी, कोबी करायचे. मित्राचे वडील कालव्याच्या कचेरीत कारकून, माणसं मूळची पुण्याची. गोळ्या विकत घ्यायची ऐपत त्याची आणि चित्रं जिंकायचं कसब माझं. शाळेच्या पायरीवर चित्र पालथं ठेवायचं आणि शेजारी तळहात आपटून वाऱ्यानं ते उलटवायचं. उलटवलं त्याचं ते झालं. अशी त्याची विकतची आणि माझी जिंकलेली चित्रं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात एकत्र राहायची.

मग त्याच्या वडिलांची इंदापूरला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही कालव्याच्या पुलावर बसून वाटणी करायला घेतली. त्यानं टोपीवाला उचलला, मी डावखुरा उचलला, आणि मग पुढं दोघांचेही हात चालेनात. त्यानं सगळी चित्रं परत डब्यात भरली आणि झाकण लावलं.

"वाटायचं नाही," तो म्हणाला. "एक महिना तुझ्याकडे, एक महिना माझ्याकडे."

"आन् न्यायचा कुणी?"

"एसटी नेईल."

इंदापूरची गाडी आमच्या मळ्याजवळ थांबायची. वडील तिच्या टपावर भाजीच्या पाट्या चढवायचे, त्यामुळं कंडक्टर ओळखीचा होता. मी पहिल्यांदा डबा घेऊन गेलो तेव्हा त्यानं झाकण उघडून आत पाहिलं.

"एवढी मानसं बिनतिकिटाची?" तो म्हणाला, आणि डबा आपल्या सीटखाली सारला.

त्याआधी घरात एक गोष्ट घडली होती. मी निघालो तेव्हा आईनं दारात अडवलं. "रिकामा डबा कुनाच्या घरी धाडू न्हाय."

"रिकामा न्हाय. चित्रं हायती."

"चित्रं काय खायाची हायती व्हय?" असं म्हणून तिनं कारळ्याच्या चटणीची पुरचुंडी चित्रांवर ठेवली.

पुढच्या महिन्यात डबा परत आला तेव्हा त्यात मेतकूट होतं. चित्रं मेणकागदात नीट गुंडाळलेली होती, कारण आमच्या चटणीचं तेल टोपीवाल्याच्या पायांत मुरलं होतं. मग ही देवाणघेवाण थांबलीच नाही. इकडून वाळवलेली मेथी गेली की तिकडून थालिपिठाची भाजणी यायची. इकडून सांडगे गेले की तिकडून लिंबाचं गोड लोणचं. आईला लिहिता येत नव्हतं, तेव्हा निरोप कंडक्टरच्या तोंडी. गाडी थांबली की तो दारातून विचारायचा, "वहिनी, इंदापूरच्या बाई इचारत्यात, कारळं भाजायचं किती?" आई बांधावरून उत्तर द्यायची. एकदा खिडकीतल्या एका म्हाताऱ्यानं मधेच सांगितलं, "लसूण जरा चढता घाला म्हनावं."

माझी आई आणि मित्राची आई, या दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं. मित्राचं बिऱ्हाड बारामतीत होतं तेव्हाही त्यांची गाठ पडली नव्हती. मळ्यातल्या बायका पेठेत बाजारापुरत्या यायच्या, आणि कचेरीतल्या लोकांच्या बायकांना मळ्यात यायचं कारण नव्हतं.

पुढच्या वर्षी मला बहीण झाली आणि पाठोपाठ आईला ताप भरला. गावातून डॉक्टर आले, औषध दिलं, पण ताप हटेना. आईचं माहेर सुप्याकडं. तिथं आजी स्वतःच अंथरुणाला खिळलेली. वडील भाकरी भाजायचे, ती कधी कच्ची तर कधी करपलेली. तान्ही सारखी रडायची. डबा पाठवायची पाळी माझी होती, पण माझ्या ते ध्यानातही नव्हतं. शेवटी कंडक्टरनंच गाडीतून विचारलं, "का रं, तुझी मानसं न्हाईत आज?" मी त्याला घरचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि घंटी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीतून माझा मित्र उतरला. त्याच्या मागून हातात वळकटी घेतलेल्या एक बाई उतरल्या. उंच, सावळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या सरळ घरात आल्या आणि आईच्या उशाशी बसल्या.

आई धडपडून उठायला लागली. "बाई, तुमी कशाला तरास घेतला?"

"त्रास कसला. इतके दिवस तुमच्या हातचं खातेय. म्हटलं, हात तरी पाहून येऊ."

मग त्यांनी मला पाणी मागितलं. कुणी कुणाच्या घरचं पाणी प्यावं, याचा लोक विचार करायचे, असे ते दिवस होते. मी वडिलांकडे पाहिलं. बाईंनी स्वतःच उठून आमच्या माठातून तांब्या भरून घेतला, पाणी प्यायल्या आणि पदर खोचून चुलीपुढं बसल्या.

आई हिंडूफिरू लागेपर्यंत त्या राहिल्या. तान्हीला न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, आईला पेज पाजायची, सगळं त्यांनीच केलं. आईचा ताप उतरला त्या सकाळी दोघी जात्याशी बसून कितीतरी वेळ बोलत होत्या. आई इतकं बोलते हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्ही दोघं ओसरीवर चित्रं मांडून खेळत होतो, पण माझं लक्ष त्या बोलण्याकडेच जात होतं.

निघताना आईनं त्यांची ओटी भरली. तिला रडू आवरेना. बाई म्हणाल्या, "रडता काय, मला आता बहीण आहे बारामतीला." त्या दिवसापासून त्या आमच्या मावशी झाल्या. वर्षातून एकदा दोघी नरसिंहपूरला भेटायच्या, संगमावर अंघोळ करून देवदर्शन घ्यायच्या आणि दिवसभर सावलीत बसून गप्पा मारायच्या.

चित्रांचं वेड हायस्कुलात गेल्यावर आपोआप सुटलं. डबा तेव्हा माझ्याकडं होता. रांगायला लागल्यापासून बहिणीचा त्याच्यावर डोळा होता. गोलकीपरच्या मिशा तिनं चघळून टाकल्या, डावखुऱ्याचा हात फाडला. मित्राला सांगितलं तर तो नुसता हसला. "खाऊ दे," म्हणाला.

त्याच बहिणीच्या लग्नात पाठराखीण म्हणून मावशी गेल्या. गाडीत बसण्याआधी आईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मावशींनी तिला अर्ध्यातच धरून उभं केलं आणि जवळ घेतलं. आता दोघीही नाहीत. मी आणि माझी बहीण आहोत, आणि आम्ही आहोत यात मावशींचा आणि त्या कंडक्टरचा वाटा आहे, हे आम्ही आमच्या मुलांना सांगत असतो.