मार्जारशास्त्र आणि आमचा गोठा

हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्याच घराचा पंचनामा मी स्वतः केलाय, तोही अख्खी पेठ सोबत घेऊन!

रामनगरात माझं कापडाचं दुकान. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. रोज संध्याकाळी दुकानापुढच्या कट्ट्यावर मी पेपर वाचायचा आणि जमलेल्या मंडळींनी माना डोलवायच्या. गावात शहाणा कोण? मी!

मग आले नवे मास्तर. फावल्या वेळात वही घेऊन मांजरांच्या मागं फिरायचे. विचारलं तर म्हणायचे, "याला मार्जारशास्त्र म्हणतात."

"मांजराचंबी शास्तर असतंय व्हय?" मंडळींनी आ वासला. झालं! माझा कट्टा ओस पडला आणि मास्तरांची ओसरी भरली. आमची बायकोसुद्धा म्हणाली, "किती शिकल्याला माणूस हाय!" खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात श्रावण लागला. आमच्या घरी श्रावणात मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तसा दराराच होता. पण आमची मांजर मनी रोज दुपारी कुठंतरी जायची आणि मिशांना सुक्या बांगड्याचा वास घेऊन यायची.

श्रावणात बांगडा भाजतंय कोण? एकटा राहणारा, मांजरं गोळा करणारा गावात एकच! माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं जमवली. "चला, मास्तरांचं शास्त्र दाखवतो! मनी जाईल तिकडं जायचं."

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "सावकार, नको. ऐका माझं."

"का? घाम फुटला व्हय?"

मनी निघाली. तिच्यामागं मी, माझ्यामागं पंधरा-वीस माणसं आणि शेवटी मान खाली घातलेले मास्तर. मनी मास्तरांच्या दारावरून सरळ पुढं गेली, वळली आणि शिरली आमच्याच गोठ्यात!

वैरणीच्या आड आबा उकिडवे बसलेले. समोर निखारे, हातात अर्धा बांगडा.

"आबा!"

"बोंबलतोस का रं? मांजराला घालतोय!"

"मग तुमच्या मिशीत काटा कसला?"

"चव बघाय नको? खारट असलं तर मुक्या जनावराला बाधंल न्हवं!"

माणसं पोट धरून हसली. मी हळूच मास्तरांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पंधरा दिवस झाले. वहीत लिहिलंय, पण घर कुणाचं ते लिहिलं नाही."

म्हणजे माणूस मनानंही चांगला निघाला! याचा तर मला आणखीच राग आला.

त्या संध्याकाळी पेपर ऐकायला कट्ट्यावर एकटी मनीच होती. पण गोठ्यातला बांगडा बंद झालेला. पहिलं पान संपायच्या आत तीही उठली आणि मास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसली.