साडूंच्या मुठीतली कुपी

आमच्या साडूंएवढा शिस्तीचा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत झाला नाही, हे मी भर सभेत सांगायला तयार आहे. फक्त ती शिस्त डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंपुरती होती. दिसणाऱ्या वस्तूंचं म्हणाल, तर शर्टाची गुंडी कायम एक काज चुकलेली, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला, आणि मोटारसायकल वडगाव रासाईच्या गल्लीत अशी आडवी लावलेली, की दूधवाल्यानं शिव्या देणंही सोडून दिलं होतं. शिरूरला कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी. करत होते. विषय कोणता, हे मी विचारलं, ही माझी चूक. काही रेणू गरम पाण्यात विरघळवून थंड होऊ दिले, की ते आपणहून एकमेकांना धरतात, त्यांचे धागे होतात आणि पाण्याची जेली बनते. धागे मात्र वाटेल तसे गुंततात. ते एका दिशेला लावायचे, हा साडूंचा ध्यास. "मेंढरं कळप आपणहून करत्यात, पाव्हणं," ते म्हणाले, "पण समदी एका वाटंनं न्यायला धनगर लागतो. चुंबक म्हंजी आपला धनगर." त्यांचे आजोबा मेंढरं राखायचे, त्यामुळे उपमा घरचीच होती. अशा सरळ धाग्यांच्या आधारानं तुटलेली नस कधीतरी पुन्हा वाढेल, असं त्यांना वाटे.

घरात जे जे थिजतं, त्यावर त्यांचा डोळा असे. एकदा मेहुणीनं खरवस लावला, तर यांनी जुन्या स्पीकरची दोन चुंबकं पातेल्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवली. अस्सल स्टीलला चुंबक चिकटत नाही म्हणे; पातेलं स्टीलचं असूनही ती चिकटली, याचं साडूंना इतकं नवल वाटलं, की खरवस बाजूला राहिला आणि दुपारभर ते घरातली भांडी तपासत बसले. "दाजी, तुम्हीच सांगा ह्यान्ला," मेहुणी मला म्हणाली, "माझ्या लग्नातली पातेली खोटी हायेत म्हणत्यात." मी काय सांगणार. मी खरवस खाल्ला.

पण खरा धक्का पुढे होता. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले, तेव्हा शेवटचा प्रयोग बाकी होता आणि त्या रेणूंची भुकटी उरली होती दोन कुप्यांपुरती. एक कुपी ताकदवान चुंबकात थंड करायची, दुसरी बाहेर, आणि फरक दाखवायचा. दौंडला एमआरआयचं यंत्र होतं, म्हणजे माणूस मावेल एवढं चुंबकच. साडूंनी तिथं रीतसर विचारलं. आत फक्त पेशंट जाईल, असं उत्तर मिळालं. तेव्हा साडू पेशंट झाले. पाठ त्यांची दुखतच होती. डॉक्टरची चिठ्ठी आणली, आणि प्लास्टिकची कुपी घेऊन झोपायला तिथल्या तंत्रज्ञाची कबुलीही मिळवली. तो त्यांचा जुना विद्यार्थी. "सर, हलायचं नाही," त्यानं बजावलं. "गड्या, मी हललो तर माझी जेली बिघडंल," साडू म्हणाले. त्यानं चिठ्ठीवरचा आजार पुन्हा एकदा वाचून घेतला.

गरम द्रावण थर्मासमध्ये घेऊन मोटारसायकलवर मागे मी बसलो होतो. केंद्रात दोन्ही कुप्या भरल्या. एक साडूंच्या मुठीत आत गेली, दुसरी माझ्यासमोर टेबलावर. "हिला हात लावू नका. नुसतं बघत बसा," एवढंच माझं काम. मग आतून ठोके सुरू झाले. पत्र्याच्या शेडवर कुणी घण घालावा तसे. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला आपण कुठे आत घातलं, या विचारानं घाम फुटला. तीस वर्षं मी तंबाखू मळतो; जीव घाबरा झाला की हात आपोआप चालतात. समोर भिंतीवर तंबाखूबंदीची पाटी होती. पाऊण तासानं साडू बाहेर आले, तेव्हा टेबलावरची कुपी माझ्या दोन तळव्यांमध्ये होती.

घरी खिडकीशी त्यांनी उजेड एकाच दिशेनं सोडणाऱ्या गॉगलच्या दोन काचा आडव्या-उभ्या धरून मधे आपली कुपी फिरवली. धागे गुंतलेले असले तर फिरवूनही काही बदलत नाही; सरळ असले तर कुपी उजळते आणि विझते. ती उजळली आणि विझली. साडू तिथंच फरशीवर बसले. मग माझी फिरवली. ती जास्त उजळली.

"चोळली का?"

"थोडी."

"कशी?"

मी तळहातावर करून दाखवलं.

"दाजी, चुना तरी लावला न्हाई ना?" मेहुणी म्हणाली.

साडूंनी वही काढली. किती वेळ, कोणत्या दिशेनं, किती जोरानं, सगळं विचारून लिहून घेतलं. चोळल्यानंही धागे सरळ होतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे तुलनेची कुपी मीच बिघडवली होती. मग हळूच सुचवलं, की दुसरी कुपी रस्त्यात फुटली म्हणा, कुणाला कळणार आहे.

"कुणाला कळणार न्हाई," ते म्हणाले. "पण मलाबी कळणार न्हाई. आत ठोक्यांनी माझीबी मूठ थरथरत व्हती, पाव्हणं. धागं चुंबकानं लागलं का भीतीनं, कोण सांगंल?"

चुंबकाच्या प्रकरणाच्या शेवटी त्यांनी तसंच लिहिलं: नक्की सांगता येत नाही. आधीच्या प्रकरणांवर पदवी मिळाली. कॉलेजनं शाल-नारळ देऊन सत्कार केला. प्राचार्यांनी भाषणात, आमच्या सरांनी रेणूंना शिस्त लावली, असं सांगितलं. साडू उठून म्हणाले, "अजून लागली न्हाई," आणि बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, ते कुणाला कळेना.

प्रबंधाची एक प्रत त्यांनी मला दिली. ती कपाटात आहे. कधी कधी काढतो आणि चुंबकाच्या प्रकरणाशी थांबतो. तिथं एक तळटीप आहे: 'दुसरा नमुना एका नातेवाइकाने हाताळल्यामुळे विचारात घेतलेला नाही.' नाव दिलेलं नाही.